चड्डीच्या आतला भाग कुणाचा? लहान मुलांच्या शरीरसुरक्षेबद्दल वाचकांचे प्रश्न

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचं उघडकीला आलं. तेव्हापासून या विषयावरची पत्रं थांबलेली नाहीत. बहुतेकांनी विचारलंय, मुलांना काय शिकवू? मुलांना शिकवायचं तसं थोडंच आहे. पत्रं वाचताना दिसतं ते हे, की अडतं मोठ्यांपाशी. तेव्हा उत्तरांत मुलांपेक्षा मोठ्यांनाच जास्त कामं लावलेली दिसतील. पत्रलेखकांची नावं अर्थातच छापलेली नाहीत.

मुलगी साडेतीन वर्षांची आहे. बालवाडीत ‘गुड टच, बॅड टच’ शिकवलं. घरी येऊन आजीला म्हणाली, ‘तू वेणी ओढलीस, हा बॅड टच!’ सगळे हसलो, पण मग वाटलं, हिला नेमकं काय समजलंय? कसं शिकवायचं असतं हे?
(एक आई, सातारा)

तिला शिकवलं तेच तिने लावून दाखवलं. या वयात जे दुखतं ते वाईट आणि जे छान वाटतं ते चांगलं. या हिशेबाने वेणी आणि इंजेक्शन दोन्ही ‘बॅड’ ठरतात, आणि कोणी मांडीवर घेऊन, गुदगुल्या करत, चॉकलेट देत हात फिरवला तर तो ‘गुड’. मुलांना फसवणारा माणूस सुरुवात नेमकी अशाच लाडीगोडीने करतो. म्हणून स्पर्श कसा वाटला यावर नियम बांधू नका. कुठे झाला, कशासाठी झाला आणि लपवायला सांगितलं का, या तीन गोष्टींवर बांधा.

सुरुवात न्हाणीघरात करा. अंग पुसताना आपण नावं घेतो: डोकं, कान, मान, पोट... आणि एकदम गुडघा! मधला मुलूखच गायब. मुलाला त्यातून कळतं ते एवढंच, की या भागाबद्दल बोलायचं नसतं. तेव्हा त्याच आवाजात, न थांबता, मुलीला योनी, मुलाला लिंग आणि दोघांनाही ढुंगण आणि छाती हे शब्द सांगा. जड वाटत असेल तर ‘शूची जागा’, ‘शीची जागा’ चालेल. पण घरापुरती लाडाची नावं नकोत. ‘काकांनी माझ्या चिमणीला हात लावला’ असं मूल शाळेत सांगतं, बाई म्हणतात ‘हो का, छान’, आणि मूल पुन्हा सांगत नाही.

मग नियम. वाक्य असं ठेवा: ‘चड्डीच्या आतला भाग तुझा. तिथे कोणी बघायचं नाही, हात लावायचा नाही, फोटो काढायचा नाही. कोणी स्वतःची चड्डी काढून तुला बघायला किंवा हात लावायला सांगितलं, तर तेही नाही.’ हे शेवटचं वाक्य बऱ्याच घरांत राहून जातं असं म्हटलं तर वावगं ठरू नये. मुलाला फक्त ‘तुला कोणी हात लावायचा नाही’ एवढंच सांगितलेलं असतं, त्यामुळे समोरच्याने स्वतःला हात लावायला लावला तर नियम मोडलाय हे त्याच्या लक्षातच येत नाही.

नियमाला अपवाद असतात, ते नावानिशी सांगा. धुवायला, पुसायला, औषध लावायला आई, बाबा, आजी आणि पाळणाघरातल्या अमुक मावशी. डॉक्टर तपासतील, पण आई किंवा बाबा खोलीत असतानाच. आणि हेही सांगा की धुवायचं तेवढंच, झालं की हात बाजूला. ही यादी वयाबरोबर कमी व्हायला हवी. चार वर्षांचं मूल साबण स्वतः लावू शकतं, पाणी तुम्ही ओता. शी धुवायला पाच-सहा वर्षांपर्यंत जमू लागतं. जितकं लवकर स्वतःचं स्वतः, तितके तिथवर पोचणारे हात कमी.

तिसरी गोष्ट गुपितांची. बाबांच्या वाढदिवसाचा केक लपवला, ती गंमत. दोन दिवसांत सगळ्यांना कळणार असते. ‘कध्धीच कुणाला सांगायचं नाही’ असलं गुपित आपल्या घरात नसतं, असं सांगा आणि ते पाळा. पाळणंच कठीण आहे. ‘आईला सांगू नको हं, आपण आइस्क्रीम खाल्लं’ हे प्रेमाने म्हणणारे आजोबा नातवाला गुपित राखायचा सरावच देत असतात.

यातलं काहीही एका बैठकीत उरकू नका. आठ-पंधरा दिवसांनी दोन मिनिटं पुरतात. ‘समजा’चा खेळ करा: ‘समजा, लिफ्टमध्ये एक दादा म्हणाला, चड्डी काढ, आपण डॉक्टर-डॉक्टर खेळू, तर कुणाला सांगशील?’ त्याच्या आगेमागे साधे प्रश्न घाला: ‘समजा, दूध सांडलं तर? समजा, शाळेत चड्डीत शू झाली तर?’ मूल मोठी गोष्ट सांगेल की नाही, हे सांडलेल्या दुधावर तुम्ही काय बोललात यावरून ठरत असतं. ‘नाही म्हण, पळ, सांग’ या तिन्हींत सगळा भर ‘सांग’वर द्या. कित्येक मुलं अशा वेळी थिजतात, तोंडातून आवाज फुटत नाही. म्हणून आधीच सांगून ठेवा: ‘नाही म्हणता आलं नाही तरी तुझी चूक नाही. खूप दिवसांनी सांगितलंस तरी मी रागावणार नाही.’

सांगायचं कुणाला, तर चार-पाच मोठी माणसं मुलीलाच निवडू द्या. त्यातलं निदान एक घराबाहेरचं असावं. निवडलेल्यांना तसं कळवायला विसरू नका.

नातू पाच वर्षांचा. पाहुणे आले की पापी देत नाही, मांडीवर बसत नाही. सूनबाई म्हणते जबरदस्ती करू नका. मग संस्कार कसे व्हायचे? उद्या पायाही पडणार नाही.
(एक आजोबा, डोंबिवली)

सूनबाई बरोबर सांगताहेत. ‘मोठ्यांनी जवळ घेतलं की नको म्हणायचं नाही’ हा धडा आपण दिवाळीत देतो आणि ‘कोणी नको तिथे हात लावला तर नको म्हण’ हा जूनमध्ये शाळेत. मूल पहिलाच धडा धरून ठेवतं, कारण तो दहा वेळा गिरवून घेतलेला असतो.

शिष्टाचार मात्र सोडायचा नाही. घरात शिरलेल्या माणसाकडे बघून ‘नमस्कार’ किंवा ‘या’ म्हणणं सक्तीचं. पुढचं त्याने निवडावं: हात जोडणं, टाळी देणं, पाया पडणं, वाटलं तर मिठी. पाया पडण्यात अडचण काहीच नाही, त्यात मूल स्वतः वाकतं आणि स्वतः उठतं. पाहुण्यांची बाजू तुम्ही सांभाळा. ‘तो आता टाळी देतो, पापी बंद’ असं हसत म्हटलं की विषय संपतो. हे आजोबांच्या तोंडून आलं तर सुनेला वाईटपणाही येत नाही.

जाता जाता एक. बारशापासून चौथ्या-पाचव्या वर्षापर्यंत मुलग्याची चड्डी ओढून ‘पाखरू उडालं का बघू?’ असली चेष्टा करणारे काका-मामा गावोगाव आहेत. ही चेष्टा बंद करा. मूल लाजून पळतं आणि सगळे हसतात. पुढे कोणी खरंच हात लावला तर तीही चेष्टाच आहे, असं त्याला वाटणं स्वाभाविक नाही का?

आम्हाला मुलगाच आहे. त्याच्यासाठीही हे सगळं लागतं?
(एक वडील, लातूर)

लागतं. केंद्र सरकारच्या महिला आणि बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेल्या अभ्यासात, कोणत्या ना कोणत्या प्रकारचं लैंगिक शोषण झाल्याचं सांगणाऱ्या मुलांत ५२.९४ टक्के मुलगे होते. मुलगे उशिरा सांगतात, कारण ‘मुलगा असून रडतोस काय’ हे त्यांनी ऐकलेलं असतं. ‘पोक्सो’ कायदा, म्हणजे २०१२ चा लैंगिक अपराधांपासून बालकांच्या संरक्षणाचा कायदा, १८ वर्षांखालच्या मुलगा-मुलगी दोघांना सारखाच लागू आहे.

मी आणि नवरा दोघंही नोकरीवर. मुलगा चार वर्षांचा, सकाळी व्हॅन, दुपारी पाळणाघर, सुट्टीत मामाकडे. कुणाकुणावर लक्ष ठेवू?
(एक आई, पिंपरी)

माणसांवर लक्ष ठेवून दमाल. जागा आणि वेळा बघा: एक मोठा माणूस, एक मूल, बंद दार, आणि दुसरं कोणी अचानक येण्याची शक्यता नाही. असा प्रसंग दिवसात कुठे कुठे येतो ते एका कागदावर लिहा आणि एकेक कमी करत जा.

व्हॅनमध्ये तुमचं मूल सगळ्यात आधी चढतं किंवा सगळ्यात शेवटी उतरतं का, हे विचारा. शेवटची दहा-पंधरा मिनिटं ते चालकाबरोबर एकटं असेल तर फेरीचा क्रम बदलून मागा किंवा शेजारच्या मुलाबरोबर एकाच थांब्यावर उतरवा. शाळेच्या बसमध्ये मुली असतील तर महिला मदतनीस हवी, असं महाराष्ट्राचे २०११ चे स्कूलबस नियम सांगतात. प्रत्येक शाळेत परिवहन समिती असते, तक्रार तिच्याकडे लेखी द्या. व्हॅनकाका बदलले, ‘आज माझा भाऊ आलाय’ असं झालं, तर मुलाला सोडायचं नाही, हे शाळेलाही सांगून ठेवा.

पाळणाघरात चित्रं, खेळणी सगळे बघतात. तुम्ही मोरीचं दार बघा. मुलांना शू-शीला कोण नेतं, तेव्हा बाकीच्या मुलांजवळ कोण असतं, दुपारी मुलं झोपल्यावर घरातले पुरुष कोणत्या खोलीत असतात, स्वयंपाकाच्या मावशींचा मुलगा कॉलेजातून कधी येतो, हे सरळ विचारा. चांगल्या पाळणाघराच्या ताईंना या प्रश्नांचा राग येत नाही. ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं उत्तर आलं, तर दुसरं पाळणाघर शोधायला लागा. अधूनमधून वेळेआधी, न सांगता जा.

मामाकडे किंवा लग्नघरी एका खोलीत सतरंज्या अंथरून बारा जणं झोपतात. मुलाची जागा तुमच्या, आजीच्या किंवा मामीच्या कुशीशी ठेवा. वयात आलेल्या भावंडांच्या आणि पाहुण्यांच्या ओळीत नको. त्यासाठी कोणावर संशय घ्यायची गरज नाही, ‘तो रात्री उठतो’ एवढं कारण पुरतं.

घरी आल्यावर ‘आज कोणी काही केलं का?’ असं रोज विचारू नका. त्याने मूल एकतर घाबरतं किंवा तुम्हाला हवं ते उत्तर देतं. ‘आज सगळ्यात मजा कधी आली? कंटाळा कधी आला? नको कधी वाटलं?’ असं विचारा आणि उत्तर येताना हातातला फोन खाली ठेवा.

सहा वर्षांचा मुलगा शेजारच्या तेवढ्याच मुलीबरोबर पलंगामागे चड्ड्या काढून बसलेला सापडला. मी एक ठेवून दिली. आता रात्रभर झोप नाही.
(एक वडील, नाशिक)

बहुधा घाबरण्यासारखं काही नाही. तीन ते सहा-सात वर्षांच्या मुलांना दुसऱ्याचं शरीर कसं आहे याचं कुतूहल असतं. दोघं साधारण एका वयाची, दोघांच्या मर्जीने, हसत-खिदळत आणि ‘चला, कपडे घाला’ म्हटल्यावर दुसऱ्या खेळाला लागणारी, तर ते कुतूहलच समजा. लहान मुलं आपल्या लिंगाशी खेळतात, योनीला हात लावतात, तेही तसंच. रागावू नका. ‘हे एकट्याने, आपल्या खोलीत’ एवढं सांगा.

वयात तीन-चार वर्षांहून जास्त अंतर, एकाने दुसऱ्यावर जबरदस्ती किंवा लालूच, मोठ्यांच्या संभोगासारखी नक्कल, तोंड लावणं, काही आत घालणं, किंवा दहादा अडवूनही लपूनछपून तेच, यातलं एक जरी असलं तरी कुतूहल म्हणून सोडू नका. मुलाने कुठे काही पाहिलं किंवा त्याच्याशी कोणी काही केलं का, हे शोधावं लागेल. जिल्हा रुग्णालयातले किंवा खासगी बालमानसोपचारतज्ज्ञ गाठा.

थप्पड मारलीत, तर आज मुलाजवळ बसून सांगा, ‘मी घाबरलो म्हणून मारलं, मारायला नको होतं. चड्डीच्या आतलं दाखवायचा-बघायचा खेळ मात्र आपण खेळत नाही.’ शेजाऱ्यांशीही बोला, पण मुलांसमोर नाही आणि ‘तुमच्या मुलीने’ अशी सुरुवात करून नाही.

मुलगी चार वर्षांची. शूच्या जागी लाली आणि खाज आहे. शाळेतल्या मावशी शूला नेतात. मनात नको ते येतं.
(एक आई, कोल्हापूर)

आधी डॉक्टरांना दाखवा. या वयात अशी लाली बहुतेक वेळा साध्या कारणांनी येते: मागून पुढे पुसणं, साबणाच्या फेसात बसणं, घट्ट नायलॉनच्या लेगिंग, शू पूर्ण न करता उठणं आणि जंत. जंतांची खाज रात्री वाढते. पुढून मागे पुसायला शिकवा, त्या जागी साबण नको, रात्री सैल सुती चड्डी.

रक्त, पिवळा-हिरवा स्राव, बसताना वेदना, मांडीच्या आत वळ, किंवा लालीबरोबर एखाद्या माणसाला किंवा जागेला अचानक घाबरणं, सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होणं, असं असेल तर डॉक्टरांना मनातली शंका स्पष्ट शब्दांत सांगा. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. अंथरूण ओलं होण्याला नवी शाळा, धाकटं भावंड, बद्धकोष्ठ अशी दहा कारणं असू शकतात, एका लक्षणावरून निकाल लावता येत नाही. उलट, अत्याचार झालेल्या मुलांच्या तपासणीतही बहुतेक वेळा अंगावर काहीच सापडत नाही. म्हणून ‘डॉक्टरांनी नॉर्मल सांगितलं’ याचा अर्थ मूल खोटं बोलतंय असा होत नाही. रोज रात्री टॉर्च लावून मुलीला तपासणं बंद करा, त्याचाच तिला त्रास होतो.

अंगणवाडीत पाच वर्षांचा मुलगा खेळताना म्हणाला, ‘तो दादा माझी चड्डी काढतो.’ मी काय करायला हवं? चुकीचं निघालं तर गावात राहणं मुश्कील होईल.
(अंगणवाडी सेविका, नंदुरबार जिल्हा)

पहिली दोन मिनिटं चेहरा सांभाळा. तुमचे डोळे विस्फारले की मूल तिथेच थांबतं. त्याच्या उंचीला बसा, हातातलं काम चालू ठेवलंत तरी चालेल आणि तीन गोष्टी सांगा: ‘सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही. आपण यावर काहीतरी करू.’ ‘मी कुणाला सांगणार नाही’ हे वचन देऊ नका, कारण ते मोडावं लागणार आहे.

विचारायचं असेल तर इतकंच: ‘काय झालं ते सांग.’ ‘मग?’ ‘अजून काही?’ थांबला तर थांबू द्या. ‘त्याने इथे हात लावला ना?’ असं विचारलं की मूल ‘हो’ म्हणतं, आणि पुढे कोर्टात ते ‘हो’ तुम्ही त्याच्या तोंडात घातलं असं म्हणायला जागा मिळते. ‘का गेलास?’, ‘आधी का नाही सांगितलंस?’ हे ‘का’ तर नकोतच. मदतनीस ताईंना बोलावून ‘यांना पण सांग रे’ करू नका. जितक्या वेळा सांगायला लावाल तितकं मूल दमतं, तपशील बदलतात आणि मग तेच त्याच्या विरोधात वापरलं जातं.

मूल खेळायला गेलं की लगेच लिहून काढा: तारीख, वेळ, काय चाललं होतं, तुम्ही काय विचारलंत आणि मुलाचे शब्द जसेच्या तसे. मूल अहिराणीत, भिलीत, पावरीत बोललं असेल तर तसंच देवनागरीत लिहा. त्याचं ‘शुद्ध मराठी’ केलंत तर त्याचा शब्द हरवतो. खाली सही करा.

पुढचं कायद्याने ठरवलेलं आहे. पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे, असा गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होण्याची भीती वाटली तर पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं कुणालाही बंधनकारक आहे. न कळवल्यास ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत. १०९८ ही मुलांची मदतवाहिनी चोवीस तास चालते आणि फुकट आहे, कळवायचं कसं ते तिथे विचारता येईल. पर्यवेक्षिकांना सांगा, पण ‘मॅडमना सांगितलं’ म्हणजे कळवलं असं नाही. सिद्ध करणं तुमचं काम नाही. प्रामाणिकपणे दिलेली माहिती पुढे चुकीची निघाली तरी कायदा तुम्हाला धरत नाही, शिक्षा आहे ती हेतुपुरस्सर खोटी तक्रार करणाऱ्याला.

आईबापांना सांगायचंच, फक्त तो ‘दादा’ त्याच घरात राहत असेल तर आधी १०९८ वर विचारा.

मुलगी सात वर्षांची. मोठ्या जावेचा मुलगा (वय १९) तिच्याशी घाण वागतो, असं तिने परवा सांगितलं. सासूबाई म्हणतात घरातच मिटवू, पोरीचं नाव खराब होईल. नवरा गप्प आहे.
(नाव-गाव न छापण्याच्या विनंतीसह)

आज रात्रीपासून ती दोघं एका छताखाली नकोत. त्याने जावं, ते न जमल्यास तुम्ही मुलीला घेऊन माहेरी जा, पण ‘तुझ्यामुळे जावं लागतंय’ असा सूर तिच्या कानावर पडू देऊ नका. त्याला गाठून जाब विचारायची घाई करू नका. जाब विचारला की फोनमधले फोटो, मेसेज जातात आणि दुसऱ्या दिवसापासून मुलीवर ‘खोटं बोलले म्हण’ असा दबाव सुरू होतो.

गेल्या तीन-चार दिवसांत काही घडलं असेल तर वेळ मोलाचा आहे. तिला आंघोळ घालू नका, त्या वेळचे कपडे धुऊ नका, सुकवून कागदी पिशवीत ठेवा. प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा खराब होतो. थेट सरकारी रुग्णालयात न्या. एफआयआर झालेली नसली तरी वैद्यकीय तपासणी होते. नमुने ९६ तासांपर्यंत घेतात, एचआयव्ही टाळणारं औषध मात्र ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. मुलीला स्त्री डॉक्टरनेच तपासायचं असतं आणि तुम्ही शेजारी राहू शकता. खासगी रुग्णालयालाही प्रथमोपचार आणि उपचार फुकट देणं बंधनकारक आहे. जुनी घटना असेल तरी तपासणी करा, उपचारासाठी.

तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते. ‘आमच्या हद्दीत नाही’ म्हणाले तर शून्य क्रमांकाने एफआयआर घ्या म्हणा. घेतच नसतील तर पोलीस अधीक्षकांना लेखी द्या. मुलीला ठाण्यात घेऊन बसायची गरज नाही. तिचा जबाब घरी किंवा तिला आवडेल त्या जागी, शक्यतो महिला उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या अधिकाऱ्याने, गणवेश न घालता, तुमच्यासमोर घ्यायचा असतो. पोलिसांनी २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं असतं. समितीकडे सहाय्यक व्यक्ती मागा. ही व्यक्ती खटला संपेपर्यंत तुमच्याबरोबर राहते, तारखा सांगते, कोर्टाची खोली मुलीला आधी दाखवते. अनेक पालकांना ही सोय असते हेच ठाऊक नसतं. कोर्टात सुनावणी बंद दाराआड होते आणि साक्षीच्या वेळी आरोपी मुलीच्या नजरेसमोर येणार नाही अशी व्यवस्था कोर्टाने करायची असते. नुकसानभरपाईसाठी ‘मनोधैर्य’ योजनेचा अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात होतो. वकीलही तिथे मोफत मिळतो.

आता सासूबाईंचा मुद्दा. मुलीचं नाव, फोटो, शाळा, पत्ता, ओळख पटेल असं काहीही छापणं गुन्हा आहे. आणि ‘घरातच मिटवणं’ कायद्यात बसत नाही, उलट ज्यांना माहीत होतं त्यांच्यावरच पोक्सोचं कलम २१, म्हणजे न कळवल्याबद्दलच्या शिक्षेचं कलम, येऊ शकतं. हे सासूबाईंना शांतपणे, नवऱ्यासमोर सांगा. वाट सोपी नाही. कायदा म्हणतो मुलाची साक्ष ३० दिवसांत आणि खटला शक्यतो वर्षभरात संपवा, प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी जास्त लागतं. घर दुभंगेल, सणावाराला अबोला येईल. पण मिटवलेल्या घरात मुलगी त्याच माणसाला राखी बांधत मोठी होते, आणि तिच्यानंतरची धाकटी बहीणही.

मुलीला आज सांगायचं ते एवढंच: ‘तू सांगितलंस, माझा तुझ्यावर विश्वास आहे, आता हे मोठ्यांचं काम.’ त्यानंतर तिची शाळा, जेवण, झोप होती तशी चालू ठेवा.

भाचा आठ वर्षांचा, मोबाइलवर गेम खेळताना अनोळखी लोकांशी बोलतो.
(एक मावशी, पणजी)

गेममधलं चॅट आणि आवाज बंद करा, तशी सोय सेटिंगमध्ये असते. फोन दिवाणखान्यात, दार उघडं, रात्री चार्जिंग आईबाबांच्या खोलीत. चड्डीचा नियम कॅमेऱ्यालाही लागू, हे त्याला सांगा. कोणी फोटो मागितला, ‘आईला सांगू नको’ म्हणालं किंवा नाणी-हिरे देतो म्हणालं तर फोन तसाच आणून द्यायचा. आणि आणून दिला म्हणून फोन काढून घ्यायचा नाही, नाहीतर पुढच्या वेळी आणणार नाही. मजकूर पुसू नका, स्क्रीनशॉट काढा आणि सायबर गुन्ह्यांच्या १९३० या मदतवाहिनीवर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर कळवा. मुलांना अश्लील चित्रं दाखवणं हाही पोक्सोखाली गुन्हाच आहे, त्यासाठी हात लावावा लागत नाही.

मुलगी नऊ वर्षांची, बोलत नाही, शू-शीला मदत लागते. ‘कोणी हात लावायचा नाही’ हा नियम तिला कसा सांगू?
(एक आई, ठाणे)

तिला तो नियम तसाच सांगून चालणार नाही, कारण दिवसातून पाच-सहा वेळा कोणीतरी हात लावणारच. तिच्यासाठी नियम ‘कोण आणि कसं’ याचा करा. मदत करणारी माणसं दोन-तीनच आणि ठरलेली, त्यांचे फोटो मोरीच्या दाराशी चिकटवा. प्रत्येक वेळी एकच क्रम: आधी सांगणं (‘आता चड्डी काढते’), मग पुसणं, मग कपडे. क्रम मोडला की तिला खटकलं पाहिजे, म्हणून तुम्ही स्वतः तो कधी मोडू नका.

तिच्या चित्रकार्डांत ‘भूक’, ‘पाणी’, ‘शू’ असतील. त्यांत लिंग-योनीसह शरीराचं चित्र, ‘थांब’, ‘दुखलं’, ‘नको’ ही कार्डं आहेत का बघा, बहुतेक संचांत नसतात. ती ‘नको’ दाखवेल तेव्हा, खाऊच्या बाबतीतसुद्धा, जमेल तेवढ्या वेळा ऐका. विशेष शाळेत थेरपी बंद खोलीत चालत असेल तर काचेचं दार किंवा तुमचं बसणं मागा. जबाब द्यायची वेळ आलीच तर विशेष शिक्षक किंवा तिची खुणांची भाषा जाणणारी व्यक्ती मिळण्याचा तिला हक्क आहे.

पालकसभेत शाळेला काय विचारू? मागच्या वेळी ‘सीसीटीव्ही लावलेत’ एवढंच उत्तर मिळालं.
(एक वडील, अकोला)

कॅमेरा झालेलं दाखवतो, तेही कोणी बघत असेल तर. चित्रण कोण बघतं, किती दिवस ठेवतात आणि स्वच्छतागृहाकडे जाणारा बोळ त्यात येतो का, हे आधी विचारा. शिशुवर्गाच्या मुलांना शूला कोण नेतं? स्त्री कर्मचारी एकच असेल आणि ती रजेवर गेली तर त्या दिवशी कोण? कंत्राटी सफाई कामगार, चालक, शिपाई यांची पोलीस पडताळणी झाल्याचे कागद आहेत का, की फक्त एजन्सीच्या शब्दावर घेतलेत?

महाराष्ट्रात २०२२ पासून शाळांत मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी-सावित्री समिती असायला हवी. तिच्या सदस्यांची नावं फळ्यावर लावलीत का, मागची बैठक कधी झाली? तक्रारपेटी कुठे आहे? मुख्याध्यापकांच्या खोलीच्या दारातच असेल तर तिच्यात चिठ्ठी कोण टाकणार? आणि ती पहिली-दुसरीच्या मुलाच्या हाताला पोचते का? शेवटचा प्रश्न बाईंना विचारा: मुलाने काही सांगितलं तर तुम्ही कुणाला कळवाल? ‘संस्थाचालकांना’ असं उत्तर आलं, तर कलम १९ ची झेरॉक्स पुढच्या सभेला घेऊन जा आणि सभेच्या इतिवृत्तात नोंद करून घ्या.